हरळीची बाजू

नवरात्र उलटून दिवाळी तोंडावर आली, की सोलापूरच्या नव्या वसाहतींतल्या घरांच्या फाटकाशी दोन माणसे हमखास येऊन उभी राहतात. एकाच्या टेंपोत सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या हिरवळीच्या वळकट्या असतात. दुसऱ्याच्या टेंपोत सिमेंटच्या रंगीत ठोकळ्यांची चळत. दोघांचे गिऱ्हाईक एकच. त्याच्या घरापुढे वीस बाय पन्नास फुटांची जागा आहे, पावसाळ्यात तीत गुडघाभर तण माजले आहे, भाऊबीजेला बहिणी यायच्या आहेत, आणि इतके दिवस न दिसलेली ती जागा आता त्याच्या डोळ्यांत खुपू लागली आहे. पहिला म्हणतो, “मालक, सगळे सोलून काढतो, चार इंच लाल माती टाकतो, वर लॉन अंथरतो. धनत्रयोदशीला गालिचा तयार!” दुसरा म्हणतो, “कशाला त्या फंदात पडता अण्णा? ब्लॉक बसवून घ्या. तण नाही, चिखल नाही, डोक्याला ताप नाही.” पुष्कळ घरांत आधी पहिल्याचे ऐकले जाते, आणि तीन-चार वर्षांनी दुसऱ्याचे.

माझे भांडण या दोघांशीही आहे. पण त्याहून अधिक त्यांच्या गिऱ्हाइकाशी आहे. ते दोघे बिचारे पोटासाठी विकतात. विकत घेणारा मात्र आपल्या दारातली उत्तम वस्तू उकिरड्यावर टाकतो आणि पैसे मोजून हलकी वस्तू घरी आणतो. ती टाकून दिलेली वस्तू म्हणजे हरळी. तिला वकील मिळत नाही, म्हणून ही कैफियत.

प्रथम ही ‘लॉन’ नावाची चीज आली कोठून ते पाहू. इंग्लंड हे बारमाही भुरभुर पावसाचे बेट. ढगाळ हवा, मऊ ऊन, आणि मेंढ्यांनी कुरतडून तोकडे ठेवलेले गवत. तिथल्या उमरावांना ते आवडले आणि त्यांनी घरापुढे तसेच राखायला सुरुवात केली. एवढी जमीन काहीही न पेरता नुसती ठेवणे ज्याला परवडते, तो खरा धनी, असा त्यात दिमाख होता. आधी ते गवत कापायला विळे-कोयते घेतलेले मजूर लागत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र केले. आणि ही कल्पना त्याला सुचली कोठे? लोकरी कापडाच्या गिरणीत! कापडावरची लव एकसारखी कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने पाहिले, आणि तीच युक्ती गवतावर चालवली. गिरण्यांच्या नि मागांच्या आपल्या गावाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गवताकडे कापड म्हणून पाहण्याची दृष्टी ही अशी यंत्रातच बसून आली. चादर एकसारखी असावी हे ठीकच; तीत एक धागा चुकला तर ती ‘सेकंड’ निघते. पण तोच नियम जमिनीला लावला, की घोळीचे एवढेसे रोपसुद्धा डाग वाटू लागते.

साहेबाने ही आवड हिंदुस्थानात आणली. ती पोसायला त्याच्यापाशी पखाली वाहणारे भिस्ती होते, माळ्यांची फौज होती, आणि पाण्याचा हिशेब विचारणारा कोणी नव्हता. आपल्यापाशी यांतले काहीच नाही. तेव्हा हिशेब आपणच करू.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या घरात असताना अंथरलेली हिरवळ हिरवीगार ठेवायची, तर रोज निदान ५ मिलीमीटर पाणी हवे. हा हात आखडून धरलेला आकडा आहे. वीस बाय पन्नास म्हणजे हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. रोजचे झाले ४६५ लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. म्हणजे ही हिरवळ जवळजवळ साडेतीन माणसांचे पाणी रोज एकटी पिते. मार्च ते मे या तीन महिन्यांचे झाले सुमारे ४२ हजार लिटर. आता त्या घराचे छप्परही हजार चौरस फुटांचेच धरा, आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलीमीटर धरा. सोलापुरात तो कधी याहून जास्त पडतो, कधी बराच कमी. सांडलवंड वजा जाता छपरावरून हाती येणारे पाणी होते सुमारे ४४ हजार लिटर. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत वरुणराजाने त्या घराच्या माथ्यावर जे ओतले, त्यातला थेंबन्‌थेंब साठवून ठेवला, तरी ही बया तो एका उन्हाळ्यात फस्त करणार. घरातल्या माणसांनी तोंड धुवायला मग कोठे जावे?

हे गाव पाण्याची किंमत न जाणणारे असते तर गोष्ट निराळी. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या हातांनी येथे तळे खोदवले, असे परंपरा सांगते. गड्ड्याच्या यात्रेला आपण ज्यांच्या दर्शनाला जातो त्यांची थोरवी या तळ्यात आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून घराघरांत आहेत. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, जिल्ह्यात ऊस आला, साखर कारखाने आले. तरी शहराने नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येण्याची वर्षे काढली. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उजनीतला उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातल्या पाण्यावर दिवस ढकलावे लागले. अशा गावात बागेची नळी उघडी टाकून वर्तमानपत्र वाचत बसणे याला हौस म्हणण्याची माझी तयारी नाही.

“आमची स्वतःची बोअर आहे, महापालिकेच्या पाण्याला आम्ही हात लावत नाही,” हे उत्तर मला पाठ आहे. बोअर तुमची हे कबूल; खालचे पाणी कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? शिवाय या बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ. भारी काळ्या मातीवर उन्हाळाभर ते ओतले, की वर पांढरी खर धरते आणि माती दगडासारखी आवळते. मग हिरवळ पिवळी पडली म्हणून युरिया, आणि युरिया टाकला म्हणून आणखी पाणी. या चक्राला शेवट नाही.

“मग काय, अंगण उन्हाळ्यात पिवळे ठेवायचे?” होय, पिवळे ठेवायचे. सोलापूरपासून जवळच नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्यासाठी तेथे १९७९ साली अभयारण्य झाले. तो पक्षी आता नजरेस पडणे मोठे कठीण, पण माळ पाहायला कोणाची आडकाठी नाही. पावसात तिथले गवत पोपटी असते, दिवाळीच्या सुमारास त्याला तुरे येतात, संक्रांतीला त्यावर सोन्याची झाक चढते, आणि वैशाखात ते राखेच्या रंगाचे होते. ते मेलेले नसते. खाली मुळे राखून झोपलेले असते. वळवाचे दोन शिडकावे झाले की आठवड्याच्या आत डोळे उघडते. बारा महिने हिरवे राहणे ही परक्या हवेची ऐट आहे. आपल्या गवताचा तो स्वभाव नाही. सोन्याच्या रंगाला आपण एरवी नावे ठेवत नाही. गवतावर दिसला की मात्र टँकर मागवतो!

हरळीचा स्वभाव या माळासारखाच. गणपतीला एकवीस जुळवून वाहताना तिला दूर्वा म्हणायचे, ज्वारीच्या पट्टीत दिसली की हरळी म्हणून शिव्या द्यायच्या, आणि परदेशी खेळाच्या मैदानावर तीच दिसली की ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून टोपी काढायची, अशी आपली तऱ्हा. टेंपोवाला ‘सिलेक्शन’ अशा भारदस्त नावाने जे विकतो, तेही बहुधा या हरळीच्याच कुळातले असते. शेतकऱ्याचा तिच्यावरचा राग मात्र रास्त आहे. काळ्या रानात हरळी नि कुंदा शिरला की पीक बसते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी खोल नांगरटी केल्या, तिच्या काशा वेचून वैशाखाच्या उन्हात वाळत घातल्या, जाळल्या. तरी बांधाला ती आहेच. जी वस्तू आठ बैलांच्या नांगराला बधली नाही, ती तुमच्या नातवाच्या क्रिकेटने मरेल काय?

म्हणून माजलेल्या अंगणात पहिले काम टेंपोवाल्याला फोन करण्याचे नव्हे, खाली उकिडवे बसण्याचे. उंच तण हाताने बाजूला सारावे आणि बुडाशी पाहावे. दहा ठिकाणी पाहिले आणि त्यातल्या पाच-सहा ठिकाणी हरळीच्या गाठीगाठीच्या दोऱ्या जमिनीला चिकटलेल्या दिसल्या, तर तुमची हिरवळ मेलेली नाही. सावलीत गुदमरलेली आहे. तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवले की झाले. ती सोलून काढायची, तिच्या जागी कुणाच्या तरी शेतातली उकरलेली लाल माती आणायची, आणि तीवर तिचीच नाजूक बहीण अंथरायची, हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा? शिवाय काळ्यावर लाल असे दोन थर झाले की मुळे वरच्या चार इंचांतच घुटमळतात. पहिल्या कडक उन्हात ती वळकटी कडेने कशी वर वळते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

ओझे उतरवताना सगळ्या तणांना एका माळेत ओवू नये. खरे वैरी दोनच आहेत.

पहिले गाजरगवत. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे लोक तेव्हापासून सांगत आले आहेत. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. अंगाला लागले तर कित्येकांची कातडी उठते, काहींना त्याच्या परागाने दम लागतो. एकेका झाडाला हजारोंनी बी येते. म्हणून त्याच्याशी गाठ घालायची ती पांढरी फुले येण्याआधी, आणि पाऊस पडून जमीन मऊ असताना. हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. फुलण्याआधीचे गाजरगवत खताच्या खड्ड्यात खुशाल टाकावे. फुललेले खड्ड्यात टाकले, तर पुढच्या वर्षी तुम्ही आपल्या हाताने ते वाफ्यांत पेराल. त्याच्या पानांवर पांढुरक्या पाठीवर काळसर रेघा असलेले भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोहून मुद्दाम आणवून १९८४ साली बंगळुरास सोडलेल्या पाहुण्यांचे वंशज. गाजरगवत हेच त्यांचे पक्वान्न.

दुसरा लव्हाळा. पुरात तो कसा वाचतो ते तुकोबांनी सांगून ठेवले आहे. खुरप्याखाली कसा वाचतो ते बागवाल्याला विचारा. वरची पात उपटली की आपण खूश होतो, आणि खाली जपमाळेच्या मण्यांसारख्या ओवलेल्या गाठींतली पुढची गाठ चार दिवसांत नवी पात वर काढते. लव्हाळ्याचे दोन शत्रू आहेत: सावली आणि कोरडे ऊन. हरळी दाट झाली की तो मागे हटतो. वाफ्यात शिरला असेल तर एप्रिलमध्ये जमीन खोल खणून गाठी उन्हावर उघड्या टाकाव्यात, आणि पावसाच्या तोंडावर ताग किंवा चवळी दाट पेरून त्याच्यावर अंधार पाडावा. एका वर्षात तो जात नाही. दोन-तीन वर्षे नेट धरावा लागतो. गंमत अशी, की ज्याच्या नावाने आपण वर्षभर बोटे मोडतो त्याच कुळातला नागरमोथा नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्यातून आपण अंगाला चोळून घेतो, आणि त्या पुडीला दामही मोजतो.

बाकीची मंडळी वैरी नव्हेत. आघाड्यावाचून श्रावणातली जिवती पुजली जात नाही; शहरात त्याच्या नि दूर्वांच्या जुड्या विकत घेतो, आणि फाटकाआड उगवला की तण! घोळ, तांदुळजा, पाथरी यांच्या भाज्या आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर केल्या. आपल्या पूर्वभागात तेलुगू विणकरांच्या वस्तीत नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा मांडतात, तिच्यात तरवडाची पिवळी फुले नि कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे थरांवर थर रचतात. कुरडू म्हणजे आपल्या लेखी निव्वळ तण. ज्या बायकांनी दिवसभर मागाचा नि विड्यांचा धंदा सांभाळून त्याच्यातून देवी उभी केली, त्यांची नजर आपल्यापेक्षा खचित चांगली. याचा अर्थ अंगणात आघाड्याचे रान माजू द्यावे असा नाही. कोपरा द्यावा, आणि बाकीच्या जागेत बी धरण्याआधी विळ्याने कापावे. ही बहुतेक वर्षायू झाडे. दोन पावसाळे बी पडू दिले नाही की निम्मी कमी होतात.

कापण्यावरून आठवले. आपल्याकडे हिरवळ कापत नाहीत, हजामत करतात. न्हाव्याने गुळगुळीत केलेल्या डोक्यासारखी जमीन दिसली की मालक पैसे देतो. त्या उघड्या मातीवर ऊन पडते आणि तिथेच गाजरगवताचे बी रुजते. हरळी निदान दोन बोटे उभी ठेवावी, उन्हाळ्याच्या तोंडावर तीन. टकले पडलेल्या जागी मृगाच्या पावसात हरळीचे वीतभर तुकडे चार-चार बोटांवर टोचले, तर गणपतीपर्यंत अंगण भरते. याला खर्च किती? एक दुपार आणि एक खुरपे. आत्ता दिवाळीत हे टोचण्याचे काम करू नये, थंडीत ती वाढत नाही. आत्ता फक्त दाताळ्याने वाळकी पात ओढून काढावी, चाळलेले शेणखत पातळ पसरावे, आणि नेहमीच्या वाटेवर जमीन घट्ट झाली असेल तिथे पहारीने भोके पाडावीत.

“एवढा कुटाणा कोण करतो? औषध मारा!” हे आजकालचे तिसरे मत. अंगणातल्या तणावर ग्लायफोसेट मारून मोकळे होणारे गृहस्थ मला माहीत आहेत. ते औषध हरळी नि गाजरगवत असा भेद करत नाही, दोन्ही वाळतात. मग मोकळ्या जमिनीत आधी काय उगवते? गाजरगवतच. लव्हाळ्याच्या ज्या गाठी मातीत निजलेल्या असतात त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. त्यावर वाद झाले. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून ते कोणीही मारू नये, कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच मारावे, असे बंधन घातले. वाद शास्त्रज्ञांनी खुशाल मिटवावा. पण ज्या जागेत रांगते मूल पहिल्यांदा माती तोंडात घालणार, तिथे हा प्रयोग कशासाठी?

आता वाफ्यांकडे वळू. येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण भिंतीकडेच्या त्या पडीक पट्ट्यांइतकी अन्यायाची जागा दुसरी नाही. घर बांधताना उरलेले सिमेंट, चुना, विटांचे तुकडे आणि मुरूम यांचे दफन तिथे होते. मग एक दिवस त्यात गुलाब लावतात. गुलाबाची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मालक म्हणतो, “सोलापूरच्या मातीत काही येत नाही.”

सोलापूरच्या मातीत काही येत नाही! मंगळवेढ्याची ज्वारी कोणत्या मातीत येते? मोहोळला १९३० च्या दशकात निवडून काढलेली मालदांडी ३५-१ कोणत्या मातीत येते? हस्ताच्या पावसावर पेरायची, पुढे आकाशातून थेंब नाही पडला तरी मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती कणसाला येते. ज्या मातीत एवढी माया आहे तिला नावे ठेवताना जीभ कशी रेटते? दोष मातीचा नसतो, तिच्यात कालवलेल्या चुन्याचा असतो. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. बांधकामाचा चुना-सिमेंट त्यात मिसळला, की मातीतले लोह झाडाला मिळेनासे होते. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. त्यावर युरिया हे औषध नव्हे. भगदाड खणून तो राडारोडा बाहेर काढणे हे औषध. आणि मग घमेलाभर शेणखतात दोन चमचे हिराकस कालवून, आठवडाभर ओलसर मुरवून, बुंध्याशी देणे.

खणायचे कधी, याला फार महत्त्व आहे. काळी माती ओली असताना कुदळ घातलीत तर तिच्या विटा पडतात. वाळल्यावर घातलीत तर कुदळ उसळून येते. मधले चार-आठ दिवस वाफशाचे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चिकटून बसला तर घरात जाऊन फराळाचे बघावे. परतीचा पाऊस ओसरल्यावरचे दिवाळीच्या आसपासचे दिवस नेमके या वाफशाचे असतात, म्हणून हे सारे दिवाळी अंकात लिहितो आहे.

हातभर खोल खणावे. ढेकळे फार चुरडत बसू नयेत. आपली माती उन्हाने फुगून-आटून स्वतःच फुटते. हरळीच्या काशा नि लव्हाळ्याच्या गाठी मात्र हाताने वेचाव्यात, कारण अंगणात जी मालकीण ती वाफ्यात चोर. हद्द राखायला अंगण नि वाफा यांच्यामध्ये वीट उभी, वीतभर खोल गाडावी. चौरस मीटरला पाच-सहा किलो कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. वाफा चार बोटे उंच करावा, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी मुळे पाण्यात बसत नाहीत. अगदी दगडासारखी पट्टी असेल तर या हंगामात तिचा नाद सोडावा, पुढच्या पावसात ताग पेरावा आणि फुलावर आला की दीड महिन्याचा ताग तिथेच गाडावा. तागाची मुळे जे काम करतात ते मजूर करत नाही.

पुढची विद्या आपल्याच गावातली आहे. १९३३ साली सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांध घालावेत, शेणखत द्यावे, विरळ पेरावे आणि वारंवार कोळपावे, अशी जी पद्धत सोलापूर-विजापूरकडच्या या केंद्रांवर पारखली गेली, ती पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून देशभर गाजली. मुंबई इलाखा तेव्हा एक होता, म्हणून नाव मुंबईचे, घाम सोलापूरचा! रब्बी ज्वारीला पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करतात, ती केवळ तण मारायला नव्हे, तर जमिनीच्या भेगा बुजवून ओल कोंडायला. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी मानत आले. बागेत हेच काम खुरपे करते. त्यावर उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन घालावे. जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. गळीत हंगामात ते रानोरान पेटवून देतात आणि शहरातली माणसे पिशवीतले महागडे खत विकत घेतात. पाचट घातलेल्या वाफ्याला चार दिवसांनी पाणी पुरते. बिनझाकल्या वाफ्याला ते दोन दिवसांतच लागते.

लावावे काय? या आठवड्यात मेथी, शेपू, कोथिंबीर, करडईची भाजी, लसूण, घोळाणा करायला हरभरा. फुलांत झेंडू नि ॲस्टर. कुंपणाला गोकर्ण चढवावी, आणि भर उन्हात फुलणारी सदाफुली नि कण्हेर भिंतीकडे लावावी. कण्हेर विषारी, तेव्हा लहान मुले असलेल्या घरी तिच्या जागी तगर. अंबाडीचे बी आत्ता मिळाले तर जपून ठेवा, ते पावसाळ्याचे काम. पेटुनियाच्या कुंड्या पुण्याहून आणवण्याचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांना मी आवरणार नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो आपोआप आवरतो.

राहिला दुसरा टेंपो. सिमेंटचे ठोकळे बसवणाऱ्याचे म्हणणे असे, की डोक्याचा ताप जातो. तो जातो कोठे? अंगणात जातो. दिवसभर तापलेले ते ठोकळे रात्री दहापर्यंत खिडकीतून घरात गरम श्वास सोडतात, आणि आपण आत वातानुकूलन यंत्र लावतो. पाण्याचे पाहा. दोन इंचांचा जोरदार पाऊस झाला तर हजार चौरस फुटांवर साडेचार हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. मातीचे अंगण त्यातले पुष्कळसे गिळते. ठोकळ्यांचे अंगण ते रस्त्यावर ओकते. शंभर घरांनी ओकले की सखल भागातल्या वस्तीत चुली विझतात. २०२० च्या ऑक्टोबरात जिल्ह्याने अतिवृष्टी पाहिली, त्या वेळी पाणी कोठून आले असे विचारणाऱ्यांत ठोकळेवालेही होते. आणि उन्हाळ्यात बोअर आटली असे ओरडणाऱ्यांतही तेच.

ज्यांनी ठोकळे बसवून घेतले आहेत त्यांनी सगळे उखडावेत असे मी म्हणत नाही. गाडी उभी करायला दोन पट्टे लागतातच. पण भिंतीकडेच्या दोन ओळी पहारीने सहज निघतात. खाली वीतभर खडी नि मुरूम लागेल. तो काढून जवळच्या तलावातला गाळ मिळाला तर तो भरावा, न मिळाला तर कंपोस्ट नि साधी काळी माती. पहिल्या पावसात तिथे गाजरगवतच उगवेल. घाबरून पुन्हा ठोकळे बसवू नयेत. पांढरी फुले यायच्या आत उपटावे, ताग टाकावा, आणि श्रावणात शेजारच्या बांधावरून हरळीच्या मूठभर काशा आणून टोचाव्यात. कोणी नको म्हणणार नाही. बांधावरचा शेतकरी तर वर चहा पाजील.